सोडलेली जागा

नंदिनीने हेडफोन सासऱ्यांच्या कानांवर नीट बसवले आणि आवाज वाढवला.

पद्माकरबुवा आधी नकोच म्हणाले होते. गेल्या वर्षी त्यांचा मयुरेश सर्वेक्षणाच्या जहाजावरून वादळात समुद्रात गेला. देह मिळाला नाही. तेव्हापासून जर्मनीतल्या कीलच्या या घरात बुवा दाराकडे तोंड करून बसत. भटजींनी फोनवर दर्भाचा पुतळा करून विधी उरकायचं सुचवलं, तर म्हणाले, जित्या माणसाला अग्नी देऊ? जन्मभर कीर्तनं केलेला माणूस, पण जेवताना श्लोकसुद्धा म्हणेनासा झाला.

आता मयुरेशने खोल समुद्रात सोडलेलं एक यंत्र त्याच्या संस्थेने वर काढलं होतं. तळाखालच्या गाळाच्या थरांवरून परतणारे आवाज टिपायचं त्याचं काम. ते डेकवरच चालू करतात, मग पाण्यात सोडतात. डेकवरचा तुकडा नंतर कापून टाकायचा, ही रीत. संस्थेत ते काम नंदिनीकडेच होतं. आज ती कापायला बसली आणि हात थांबला.

"शब्द नाहीत हं, बाबा. हे यंत्र फक्त खर्जातलं ऐकतं. शेवटचं त्यानेच बसवलेलं."

ठक, ठक. बोल्ट आवळता आवळता पान्हा लोखंडावर वाजत होता. त्याखाली मयुरेशच्या गुणगुणण्याचा जाडसर हुंकार. मग शांत. पुन्हा ठक, ठक.

"मेला, अजून ताल पळवतोच," बुवा पुटपुटले. लहानपणापासून मयुरेश त्यांच्या मागे झांज धरायचा, ध्रुपद उचलायचा आणि घरी येऊन बोलणी खायचा.

पुन्हा शांतता आली, तशी त्यांची बोटं मांडीवर हलली.

"नंदिनी, हा थांबत नाहीये गं. माझ्या चरणासाठी जागा सोडतोय."

पुढच्या जागेत ते गायले. वर्षभर मिटलेला, चिरकलेला आवाज. चरण संपला आणि नेमक्या समेवर लॅपटॉपच्या पडद्यावर ठोक्याची रेघ उसळली. पुन्हा चरण, पुन्हा ठोका. जणू पोरगा मागेच उभा होता.

मग सगळ्या रेघा एकदम विस्कटल्या. यंत्र पाण्यात पडलं होतं.

बुवांनी तरी एक चरण म्हटला आणि मुलासाठी जागा सोडली. बराच वेळ सोडून ठेवली. पडद्यावर नुसती समुद्राची बारीक थरथर सरकत राहिली.

त्यांनी हेडफोन उतरवले, कपाळाला लावले आणि टेबलावर ठेवले.

"दर्भ इथे मिळतो का गं?" त्यांनी विचारलं.