मेण उतरवणारी

"जवळ नको येऊस गं, तुझ्या श्वासानं वितळेल," म्हातारा मूर्तिकार बातिस्ता ओरडला.

"तीस वर्षं तुमचं मेण मळतेय, मालक. शिकवा आता मला!" म्हणत तेस्सा पुढे झालीच.

काळ्या पाटीवर तळहाताएवढं मेणाचं शिल्प होतं. पाताळाचा राजा फुलं वेचणाऱ्या प्रोझेर्पिनाला उचलून रथात घालतोय आणि मागून तिची आई धावतेय. आणि हा म्हणे लग्नाचा आहेर! फ्लॉरेन्समधल्या बड्या घरांची तऱ्हाच न्यारी. तेस्साला हसू आलं, पण शिल्पातल्या पोरीचा चेहरा दिसला आणि ते जागीच विरलं.

वालाच्या दाण्याएवढा चेहरा. घाबरून खालचा ओठ डावीकडून दातांखाली धरलेला. तेस्साची लेक नेन्ना अस्साच धरायची. अकरा वर्षांपूर्वी तापानं गेली, नऊ वर्षांची होती. तेस्सा देवळात बसावं तशी गुडघ्यांवर बसली. हे मेण तिनंच मळलं होतं, चिमूटभर शेंदूर तिनंच घातला होता. त्या गोळ्यात ही कधी येऊन बसली?

"मालक, ही..."

"मुद्दाम नाही केलं," म्हातारा पुटपुटला. "पोर इथंच तर खेळायची. बोटं आपोआप तिकडं वळली."

"मग नाही वितळवायची हिला."

"अगं, चांदीत ओतायचं ठरलंय. मेण गेल्याशिवाय चांदी शिरणार कुठून?"

"आधी एक ठसा घेऊन ठेवा."

"हा आईचा हात बघ, सुटा आहे. ठसा घेताना मोडेल. आणि माझे हात बघ कसे कापतात. परत नाही व्हायचं हे." मग तो हळूच म्हणाला, "चांदीत राहील की ती. आपल्या दोघांनंतरही राहील. तू फक्त भट्टी नीट लाव."

भट्टी म्हणजे तेस्साचं राज्य. मेणावर लिंपलेला मातीचा साचा, मेण उतरलं की, लालबुंद होईपर्यंत भाजायचा, नाहीतर थंड साच्यात चांदी अर्ध्या वाटेत थिजते. तीस वर्षांत तिचा एकही साचा वाया गेला नव्हता.

मंगळवारी साच्यातून गुलाबी मेण थेंबथेंब वाडग्यात उतरलं. आता कोळसे रचायचे. तेस्सानं चिमट्यात निखारा धरला आणि तिचा हात थबकला. एवढ्याशा पोरीला किती भाजायचं? तापात नेन्ना अशीच फणफणली होती.

"झाला का लाल?" आतून बातिस्तानं विचारलं.

"झाला," तेस्सा म्हणाली. भट्टीपाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

रात्री बातिस्तानं चांदी ओतली, सकाळी साचा फोडला. घोड्यांची आयाळ, सांडलेली फुलं, आईच्या हाताची पाचही बोटं, सगळं जसंच्या तसं आलं होतं. फक्त नेन्नाच्या चेहऱ्यापर्यंत चांदी पोचली नव्हती. तिथे आरपार भोक होतं.

"मीच कोळसे कमी घातले, मालक. हात धजला नाही."

बातिस्तानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "दुसरा चेहरा करून बसवू," तो म्हणाला.

"कुणाचा?"

 बातिस्तानं चांदी उचलून खिडकीपाशी धरली. आईच्या बोटांपलीकडच्या त्या भोकातून ऊन आत आलं. तेस्सानं तळहात पुढे केला. त्यावर वालाच्या दाण्याएवढा उजेड पडला. बातिस्ताचे हात कापत होते, त्यामुळे तोही थोडा थरथरत होता. मूठ न मिटता ती तशीच उभी राहिली.