धाव

धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती लालबुंद तापवून दोघांनी चिमट्यांनी चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. तुळशीराम सुतार "धाव!" म्हणून ओरडला, की त्याचा जना कळशी उचलता उचलता विचारायचा, "कोनाला म्हनता, बाबा? चाकाला का मला?"

"तुला रं, गाढवा! वत पानी!"

पण पनवेलात ट्रक वाढले, चाकांना गिऱ्हाईक उरेना. जनाला हेच काम शिकायचं होतं. तुळशीरामनेच त्याला कुर्ल्याच्या एका कारखान्यात, लेथवर, उमेदवारीला लावला.

"माजं काय चुकलं, बाबा?"

"तुजं काय नाय. धाव, मोटार सुटंल."

या खेपेला जनाने विचारलं नाही, कोणाला म्हणता.

आठवड्याने एक चाक आलं. दुसरा चिमटा जनाच्या आईने, रंभाने धरला. धाव बसली. कळशी उचलून ती नवऱ्याच्या हाकेची वाट बघत राहिली. लाकडातून धूर निघाला, मग जाळ.

"अवो, बोला की!"

तुळशीरामच्या तोंडून तो शब्द काही निघेना.