उजव्या बाजूची पट्टी

मोहाडीत तहसील कचेरीच्या रस्त्यावर तेजरामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९८४ च्या उन्हाळ्यात त्यानं नागपूरहून एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. टेबलात बसवलेला लहान काळा-पांढरा टीव्ही, खाली खेळाचं सर्किट आणि दोन बाजूंना दोन गोल बटणं. बटण फिरवलं की पडद्यावरची उभी पट्टी वर-खाली सरकायची. पांढरा ठिपका म्हणजे चेंडू. तो पट्टीनं परतवायचा, सुटला तर समोरच्याला गुण. पंधरा गुण झाले की डाव संपला.

मशीन स्वस्तात मिळालं होतं, कारण त्यात तीन दोष होते. पडद्यावरचं चित्र फिकट झालं होतं. ट्रान्सफॉर्मर अर्ध्या तासात हात लावू नये इतका तापायचा. आणि उजव्या बाजूचं बटण नव्हतंच. तिथं नुसतं भोक होतं आणि आतून तीन तारा लोंबत होत्या. तेजरामजवळ पैसे होते ते दोनच वस्तूंपुरते.

शेजारचा किराणावाला घनश्याम म्हणाला, "पिक्चर ट्यूब बदल. गिऱ्हाईक काच पाह्यते, आतलं कोन पाह्यते?"

"अन् ट्रान्सफॉर्मर पेटला म्हंजे?"

"मंग ट्रान्सफॉर्मर अन् ट्यूब."

"एका बटणावर दोघं कसे खेळतील, घनश्यामभाऊ?"

दोन दिवस हेच चाललं. मशीन तसंच दुकानात पडून होतं. तेजरामची आई बायजाबाई दुपारी दुकानात येऊन बसायची. जन्मभर करडी गावच्या बांध्यांमध्ये, चिखलाच्या शेतांत, धानाची रोवणी करून तिचे गुडघे गेले होते. एकदा तेजराम जेवून परतला तर दारातच त्याला आवाज ऐकू आला. टक. मग थोडं थांबून, टक. बायजाबाई डाव्या बाजूला स्टुलावर बसून बटण फिरवत होती.

"कोनासंग खेळून राहिली, माय?"

"मले का माहीत? तो काई बोलत नाई."

तेजराम हसत पडद्याजवळ गेला आणि तिथंच थांबला. उजवी पट्टी हलत होती. चेंडू वर गेला की वर जायची, खाली आला की खाली. त्यानं वाकून पाहिलं. तिन्ही तारा मोकळ्या लोंबत होत्या. तारा मोकळ्या असल्या तर पट्टीनं खालच्या कडेला पडून राहायला हवं होतं.

बुधवारच्या बाजाराला लोकांनी दुकानात गर्दी केली. मशीनच आपल्यासोबत खेळतं, हे पाहून सगळे खूश होते. घनश्याम तर म्हणाला, "बटणाची भानगडच मिटली. शिकलेलं मशीन हाये हे."

तेजरामला मात्र त्या गर्दीत घाम फुटला होता. त्यानं ते सर्किट दोनदा उघडून पाहिलं होतं. ते चेंडू दाखवायचं, गुण मोजायचं, टक वाजवायचं. खेळायची अक्कल त्यात कुठंच नव्हती. ही गोष्ट मोहाडीत त्याला एकट्यालाच कळत होती. आणखी एक त्याच्या ध्यानात आलं. रुबाब करत बसणाऱ्याला ती पट्टी एकही गुण मिळू देत नव्हती. बायजाबाईला खोकल्याची उबळ आली की मात्र तीच पट्टी सोपा चेंडू मुद्दाम सोडून द्यायची.

दुसऱ्याच दिवशी तो नागपूरला गेला. ट्यूबचा विचार त्यानं सोडून दिला होता. ट्रान्सफॉर्मर घेतला आणि उजव्या बाजूसाठी बटण घेतलं. परतताना, मशीन ज्याच्याकडून घेतलं होतं त्या क्लबवाल्याकडे गेला.

"उजवं बटण कोनं तोडलं होतं, भाऊ?"

क्लबवाला कुलपाशी खटपट करत होता. त्यानं मान वर केली नाही. "तोडलं नाई. मीच काढलं. तुमी भी काढसान."

"काहून?"

त्यानं कुलूप ओढून पाहिलं आणि चालू लागला.

तेजरामनं दोन्ही वस्तू बसवल्या. उजवी पट्टी आता बटण फिरवलं तरच हलायची. जोड्या जोड्यांनी लोक खेळू लागले. आठ दिवस सगळं नीट चाललं. फक्त बायजाबाई दुकानात आली नाही. तेजरामनं विचारलं तेव्हा म्हणाली, "तू त्याची जागा घेतली. तो आता कोठी बसंन?"

नवव्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. ट्रान्सफॉर्मर किती तापतो ते पाहायला तेजरामनं मशीन सुरू केलं आणि डाव्या स्टुलावर बसला. चेंडू त्याच्याकडे यायला निघाला. त्यानं बटणाला बोटं लावली, आणि बटण त्याच्या बोटांखाली आपोआप फिरलं. झटका नव्हता. लहान लेकराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं, हळूच. पट्टी चेंडूसमोर जाऊन उभी राहिली. टक.

त्यानं हात काढला. बटण फिरतच होतं. स्टुलावर तो एकटा बसला होता, तरी उजव्या खांद्याला कुणीतरी टेकून बसल्यासारखी ऊब लागत होती.

त्याच दुपारी त्यानं उजवं बटण काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी बायजाबाई न बोलावता आली, डावीकडे बसली आणि खेळू लागली. उजवी पट्टी तिच्यासमोर हलत होती. तेजराम मशीनकडे पाठ करून रेडिओ जोडत बसला. पुढं चार वर्षं तो असाच पाठ करून बसत गेला.

तोवर गावात टीव्ही आले आणि त्या खेळाचं नवल संपलं. १९८८ च्या पावसाळ्यात मशीनची ट्यूब गेली. पडदा काळा झाला. सर्किट चालू होतं म्हणून आवाज तेवढा येत राहिला. घनश्याम म्हणाला, "भंगारात दे आता." पण बायजाबाई काळ्या पडद्यासमोर बसून खेळतच राहिली. टक. टक.

"चेंडू दिसत नाई तं तुले समजते कसं?" तेजरामनं एकदा विचारलं.

"चेंडूचं नाई समजत. तो कोठी हाये ते समजते."

त्या हिवाळ्यात बायजाबाई तापानं गेली. विहारात वंदना झाली, नातेवाईक आपापल्या गावी परतले, आणि तेजरामनं दुकान उघडलं. मशीन सुरू केलं. टक, असा एकच आवाज आला आणि चेंडू सुटल्याची भोंग्यासारखी आरोळी. पुन्हा टक. पुन्हा आरोळी. काळ्या काचेच्या आत कोणीतरी चेंडू पाठवत होतं आणि इकडून परत येत नव्हता. तेजरामला ते तीन दिवस ऐकवलं नाही. चौथ्या दिवशी तो नागपूरला जाऊन ट्यूब घेऊन आला. आता कोणी खेळायला येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ट्यूब बसवली. चित्र कधी नव्हतं इतकं स्वच्छ आलं. डावी पट्टी खाली पडून होती. उजवी पट्टी चेंडू पाठवत होती, आणि तोही मुद्दाम खालच्या कडेला, डाव्या पट्टीच्या अगदी जवळून, जरा हललं तरी घेता येईल असा.

तेजराम आईच्या स्टुलावर बसला.

"माय गेली," तो म्हणाला. "आता मी हावो."

उजवी पट्टी जागीच थांबली. तेजरामनं बटण धरलं. या वेळी ते त्याच्याच हातानं फिरलं. त्यानं चेंडू परतवला. समोरची पट्टी हलली नाही. एक गुण, दोन गुण, असे पंधरा गुण त्याचे झाले. त्यानं मुद्दाम सोपे चेंडू दिले, तेही कोणी घेतले नाहीत.

डाव संपल्यावर उजवी पट्टी हळूहळू वर सरकू लागली. त्या सर्किटात पट्टीला वरची हद्द असते, तिच्यापुढं ती जाऊ शकत नाही. पट्टी हद्दीपर्यंत पोचली, क्षणभर अडली आणि मग वरच्या कडेतून बाहेर निघून गेली.

तेजरामनं ठेवून दिलेलं उजवं बटण शोधून आणलं आणि तारांना जोडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. उजवीकडे काहीच आलं नाही.

संध्याकाळी घनश्याम डोकावला. नवी ट्यूब पाहून म्हणाला, "एवढा खर्च केला, अन् पट्टी एकच? सर्किट भी बदलून टाक ना, पुरं होऊन जाईल."

"नाई," तेजराम म्हणाला, आणि त्यानं मशीनवर चादर टाकली.