बरणीतलं निर्माल्य

माझ्या धाकट्या जावेला, शांतम्माला, माहेराहून काय आणावं याची अक्कल नव्हती. बाकीच्या बाया पापड-सांडगे आणतात. हिनं तीन मासे आणले. तेही जिवंत! तिचं माहेर पालमकडचं, गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, काठाला. दिवाळीला गेली आणि येताना मांडीवर तांब्या धरून गाडीत बसली. वालूर येईपर्यंत तिनं तो हिंदकळू दिला नाही.

"लिंग बांधलेल्या घरात मासे?" आमच्या सासूबाई, मल्लम्मा आत्याबाई, कडाडल्या. घर लिंगायतांचं, मासळी वर्ज्य. "लोकं म्हनतील, वाण्याच्या घरी मासळी शिजायलीय!"

शांतम्मानं मान खाली घातली, पण तांब्या काही खाली ठेवला नाही. शेवटी तिचा नवरा, म्हणजे माझे दीर लिंगराजभावजी, मधे पडले. दुकानातली गोळ्यांची रिकामी काचेची बरणी त्यांनी आणून दिली आणि मासे मागच्या पडवीत गेले. आत्याबाईंनी तिकडं बघणंच सोडलं.

त्या वर्षी रझाकारांच्या धास्तीनं वाटा बंद झाल्या. संक्रांत आली नि गेली, तरी तिच्या वडिलांचा सांगावा नाही. शांतम्मा बरणीपाशी बसून राहायची. मासे जगले तर माहेर जगलं, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. हा काय खुळेपणा, म्हणून मला राग यायचा आणि तिची कीवही यायची.

भावजींची माया आणखी निराळी. रोज सकाळी जुनं पाणी ओतून द्यायचं आणि विहिरीचं ताजं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरायचं. कसं लख्ख! पण आमच्या विहिरीचं पाणी असं, की घागरीला आतून पांढरा थर धरतो. मासे फिके पडले, पंख मिटून तळाशी बसायला लागले. एक मेला.

"अक्का, आमच्याकडं हे जांभळीखालच्या डोहात ऱ्हातेत," शांतम्मा मला म्हणाली. "पानी लय तांबूस, चहावानी. पानाखाली लपून बसतेत."

"मंग टाक की पानं. रडायलीस काय?"

टाकली. पण कुठली? गळून पडलेलं वाळकं पान म्हणजे आमच्या घरात केर. केर कसा द्यायचा माहेरच्या जिवाला? तिनं पूजेला खुडतात तसा हिरवागार बेल खुडला, तीन पाण्यांनी धुतला आणि बरणीत अगदी वाहिला म्हणा ना. वर नवऱ्याला ताकीद, पाणी बदलायचं नाही. थोड्याच दिवसांत पानं कुजली, वास सुटला आणि दुसराही मासा गेला. त्या दिवशी ती जेवली नाही. भावजी पुन्हा फडकं घेऊन बसले. उरलेला एकटा मासा बाजूला कलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी घागर घेऊन पडवीत आले, तर बरणीच्या तळाशी बेलाची वाळलेली, तपकिरी पानं.

"आता ह्ये कुनी केलं?" म्हणत ते आत हात घालणार, तोच मागून आत्याबाई बोलल्या.

"हात लावू नको. निर्माल्य हाय."

लिंगपूजेचा उतरलेला बेल आमच्या घरात पायदळी येऊ देत नाहीत. टोपलीत साठवून दुधना नदीत सोडतात. पण वाटा अशा, नदीला जाणार कोण? थंडीभर बेल टोपलीतच वाळत पडला होता.

"अव्वा, नदीचं निर्माल्य हितं?" भावजींनी विचारलं.

"गंगेचं लेकरू हाय न्हवं ह्यात? मंग हीच गंगा. आन् पान्यात सोडलेलं निर्माल्य कुनी भाईर काढतंय का?"

झालं! भावजींची गाळणी बंद पडली. निर्माल्य काढायचं नाही म्हणजे बरणी उपसायची नाही. आटेल तेवढी भर घालायची, बस. हळूहळू पाणी तांबूस झालं आणि मासा पानांखाली शिरला. हिरव्या पानासारखी घाण वाळक्यानं केली नाही. पुढं मासा पंख पसरून वर यायला लागला, त्याच्या अंगावरची निळी झाक परतली आणि शांतम्मा पोटभर जेवायला लागली. आत्याबाई दर सोमवारी चार वाळकी पानं बरणीत सोडायच्या आणि वर आम्हालाच दटावायच्या, "मी काय माशासाठी टाकत न्हाई." आम्ही कशाला बोलतोय?

भादवा सरता सरता निजामाचं राज्य गेलं, वाटा खुल्या झाल्या आणि शांतम्माचे वडील गाडी घेऊन दारात उभे राहिले. तिनं गाठोडं बांधलं आणि बरणी उचलायला पडवीत गेली. मी मागोमाग.

आत्याबाई बरणीला खेटून बसल्या होत्या. "तू जा. मासा ऱ्हाऊ दे."

"त्याला डोहात सोडते, आत्याबाई. त्याचं घर हाय ते."

आत्याबाई म्हणाल्या, "मी ल्हान व्हते तवा भालकीहून या घरात आले. परत कदी गेलेच न्हाई. माहेरचं कायबी टिकलं न्हाई माज्याजवळ. तुजं तरी टिकावं म्हनून ह्येला जपलं. आता ह्यो बी चालला आन् तू बी."

शांतम्मानं गाठोडं टाकलं आणि त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"दसऱ्याला येते, आत्याबाई," ती म्हणाली. "मासा तुमचा."

"माजा कशाचा? घरचा हाय त्यो," आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जा आता, बाप ताटकळलाय तुजा."