गाळलेलं ‘म्हणे’

शालन मूळची निपाणीची. घरात मराठी, शाळेत कानडी, आणि फ्रेंच तिनं कॉलेजात घेतली ती केवळ संस्कृतचा वर्ग भरला होता म्हणून. त्याच भाषेनं तिला बेंगळुरूला आणलं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका फ्रेंच कंपनीच्या ऑफिसात ती चौदा वर्षं भाषांतरकार होती. यंत्रांची माहितीपुस्तकं, सुरक्षेच्या सूचना, तपासणीचे अहवाल, असलं कोरडं काम. तिला ते आवडायचं. आपल्या भाषांतरात चूक निघत नाही, याचा तिला मनातून अभिमान होता.

मार्चमध्ये कंपनीच्या कारखान्यात यल्लाप्पा नावाचा कामगार पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली सापडून गेला. वय छत्तीस. अडकलेला पत्रा काढायला तो वाकला आणि प्रेस खाली आली. फ्रान्सहून एक तज्ज्ञ आला, तीन दिवस राहिला आणि अहवाल लिहून गेला. लेबर ऑफिसला आणि घरच्यांना देण्यासाठी त्याचा कानडी सारांश करायचं काम शालनकडे आलं.

अहवालात दोन वाक्यं महत्त्वाची होती. पहिलं, कामगारानं प्रेसची संरक्षक जाळी काढली होती, असं. पण क्रियापदाचं रूप होतं ‘ओरे रतीरे’. फ्रेंच वर्तमानपत्रं खात्री नसलेली बातमी अशाच रूपात देतात. म्हणजे, जाळी काढली होती म्हणे. दुसरं वाक्यही त्याच रूपातलं, पण अर्थ अगदी निराळा. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर जानेवारीतच बिघडला होता. तो बदलला असता, तर अपघात टळू शकला असता.

शालननं दोन्ही वाक्यं जशीच्या तशी कानडीत आणली. कानडीत ‘म्हणे’ला ‘अंते’ असतं, क्रियापदाच्या शेपटीला जोडलेलं. ‘तेगेदिद्दनंते’, असं तिनं लिहिलं.

तिचा वरिष्ठ पुरुषोत्तम पुण्याचा, आवाज न चढवणारा माणूस. तो तिच्या टेबलाशी आला.

“शालन मॅडम, हे ‘अंते’ म्हणजे ‘म्हणे’च ना? हा अहवाल आहे की गप्पा?”

“मुळात तसंच आहे, सर. त्या तज्ज्ञानं स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. फ्रेंचमध्ये ते क्रियापदाच्या रूपातच येतं.”

“पण ऐकलेलं खोटं आहे, असंही तो म्हणत नाही ना?”

“तसं नाही म्हणत.”

“मग सरळ वाक्य द्या. लीगलला क्लीन कॉपी हवी आहे, आज पाचच्या आत. आणि हे सेन्सरचं ‘असतं-नसतं’ काढून टाका. ते मत झालं. सारांशात फक्त घडलेलं.”

तो उभाच राहिला. शालननं ‘अंते’ खोडलं. सेन्सरचं वाक्य खोडलं. खाली ‘मूळ फ्रेंच मजकुराशी ताडून पाहिले’ असं लिहून सही केली. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

चामराजपेटेतल्या तिच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी फ्रेंचचा वर्ग भरायचा. मे महिन्यात कंडिशनल पासे आलं, म्हणजे ‘ओरे रतीरे’चंच रूप. शिकायला सोपं, शिकवायला त्याहून सोपं. अव्वार किंवा एत्र या सहायक क्रियापदाचं कंडिशनल रूप घ्यायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप ठेवायचं. येणं, जाणं, जन्मणं, मरणं अशा क्रियापदांना एत्र, बहुतेक बाकीच्यांना अव्वार.

“आपल्याला मराठीत हे आयतंच येतं,” ती म्हणाली. “मी केलं असतं. मी आले असते. बाई बोलत असेल तर ‘आले’, पुरुष असेल तर ‘आलो’. फ्रेंचमध्येही एत्र असलं की असाच फरक पडतो, निदान लिहिताना.”

महादेवपुऱ्यातल्या आयटी कंपनीत काम करणारी शाल्मली वहीत उतरवून घेत होती. “आणि ते न्यूजवालं? तेही सेमच दिसतं ना?”

“रूप तेच. तिथे मात्र ‘असतं’ नाही लावायचं, ‘म्हणे’ लावायचं. मंत्री भेटले म्हणे.”

“आणि कुणी ‘म्हणे’ नाहीच लावलं तर? म्हणजे ट्रान्सलेट करताना?”

“तर खोटं होतं,” शालन म्हणाली, आणि पुढचं उदाहरण काय घ्यायचं होतं तेच विसरली. त्या दिवशी तिनं वर्ग अर्धा तास आधी सोडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं ती फाइल उघडली, वाचली, बंद केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं, हे ठरवण्यात दोन आठवडे गेले. खरं तर ठरवण्यासारखं काही नव्हतं. तिला भीती वाटत होती, एवढंच.

मग एका रविवारी वर्ग सुटल्यावर एक बाई जिना चढून वर आली. पस्तिशीची, रापलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दारातच थांबून तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

“अक्का, मी गंगव्वा. यल्लाप्पाची बायको. ह्या कागदावर तुमचंच नाव हाय न्हवं? कंपनीच्या हाफिसातल्या मानसानं पत्ता दिला, म्हणला, नाव तुमच्याच मुलखातलं दिसतंय, गाठून बगा.”

“माझंच आहे. आत या.”

ती आत आली नाही. “मला येवढंच सांगा. त्येनं जाळी काढल्याली कुणी बगितली?”

“कुणीच नाही. मूळ कागदात तसं म्हटलेलंच नाही. कुणीतरी सांगितलं, एवढंच आहे. मी ते पक्कं करून लिहिलं.”

“चुकून?”

“नाही.”

गंगव्वानं तो कागद पुन्हा पिशवीत घातला. रडली नाही, ओरडली नाही. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.

“सासू गावाकडं असती. ठकुबाई. तिला पुतन्यानं कागूद वाचून दाखिवला. तवापास्नं अन्नाला शिवंना. म्हणती, माझ्या पोराला ल्हानपनापास्नं नको तिथं हात घालायची खोड, सवताच्या हातानं मेला. लोकबी तेच म्हणत्यात. मी सांगितलं, त्यो असा न्हवता. तर म्हणती, कागदावर लिवलंय ते काय खोटं?”

“मी बोलू का त्यांच्याशी? फोनवर?”

“बोलन्याला काय किंमत हाय, अक्का? कागूद पायजे.”

सोमवारी शालन लेबर ऑफिसात गेली. मूळ अहवालाची प्रत आणि नवं, पूर्ण भाषांतर तिनं तिथल्या अधिकाऱ्यासमोर ठेवलं. अधिकाऱ्याचं नाव दयानंद. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून शांतपणे वाचले.

“दोन्हींवर सही तुमचीच,” तो म्हणाला. “मी कुठल्या सहीवर विश्वास ठेवू?”

त्यानं कागद ठेवून घेतले. बाहेरच्या भाषांतरकाराकडून पडताळणी करून घ्यावी लागेल आणि त्याला वेळ लागेल, असं सांगितलं.

ऑफिसात हे चार दिवसांत कळलं. पुरुषोत्तमनं तिला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. “मॅडम, मी तुम्हाला खोटं लिहा असं कधी म्हणालो का?” त्यानं विचारलं. तो तसं म्हणाला नव्हता, हे खरंच होतं. गोपनीय कागद बाहेर दिल्याबद्दल तिला त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

घरून तिनं त्या फ्रेंच तज्ज्ञाला लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं, तीन ओळींचं. जाळीबद्दल मी स्वतः काही पाहिलं नाही, पाळीचा सुपरवायझर प्राणेश याच्याकडून ऐकलं. त्याचं नाव मी लिहायला हवं होतं. ते उत्तर शालननं दयानंदकडे दिलं. प्राणेशला चौकशीला बोलावलं, तेव्हा तो म्हणाला की त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते त्याला आठवत नव्हतं.

ऑगस्टमध्ये गंगव्वाचा फोन आला. “अक्का, सासू गेली,” ती म्हणाली. “कागूद आला का?”

“नाही अजून.”

“बरं,” म्हणून तिनं फोन ठेवला.

नोव्हेंबरमध्ये लेबर ऑफिसचा निकाल आला. सारांश चुकीचा असल्यानं तो रद्द. कामगारावर ठपका नाही. प्रेस एव्हाना भंगारात गेली होती आणि पुरुषोत्तमची हैदराबादला बदली झाली होती. शिक्षा कुणालाच नाही. गंगव्वानं बोम्मसंद्र्याची, कारखान्याजवळची खोली सोडली होती. तिनं गावाहून निरोप धाडला: तुमी या आणि कागूद सगळ्यांम्होरं वाचा, तुमच्या तोंडानं.

शालन गेली. निपाणीपासून सात किलोमीटरवरचं गाव. घरासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती, बरीचशी उभीच. तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग पहिला कागद आपणच लिहिला होता हे सांगितलं. कुणीतरी मागे खाकरलं. मग तिनं अहवाल मराठीत वाचला. यल्लाप्पानं जाळी काढली म्हणे, पण ते कुणी पाहिलेलं नाही. हात गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर जानेवारीपासून बंद होता. तो बदलला असता, तर हा अपघात टळू शकला असता.

यल्लाप्पाचा चुलता संताजी भिंतीला टेकून बसला होता. म्हातारा, एका डोळ्यानं अधू. “आनि त्यो बदलला का न्हाई?” त्यानं विचारलं.

शालननं उगाचच शेवटचं पान उलटून पाहिलं. “ते यात लिहिलेलं नाही, काका.”

“मंग काय लिवलंय?” असं म्हणून तो उठला आणि काठी टेकत घरात गेला. हळूहळू बाकीचेही पांगले.

गंगव्वानं तिला चहा दिला. पाच वाजता एसटी होती. शालननं कप खाली ठेवला, तेव्हा गंगव्वा कागदाची घडी घालत होती.

“तुमच्यावर राग न्हाई असं मी म्हणनार न्हाई, अक्का,” ती कागदाकडेच बघत म्हणाली.

“म्हणू नका,” शालन म्हणाली.

मग आपली पिशवी खांद्याला लावून ती फाट्याकडे चालू लागली. गंगव्वा तिला पोचवायला आली नाही.