शंभर नंबरचा प्रसाद

गाझियाबादच्या हिंडन नदीच्या काठावरच्या त्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी गाड्यांची ही भलीमोठी रांग लागली होती. कुणाच्या बॉनेटवर झेंडूची माळ, कुणाच्या आरशाला काळी बाहुली, आणि मालक मंडळी मंडपात मांडी घालून हात जोडून बसलेली. आजारी माणसाला दवाखान्यात आणावं तसं प्रत्येकाने आपलं वाहन वायुनाथ महाराजांच्या दरबारात आणलं होतं. स्वतः महाराज ट्रकच्या टायरवर लाल मखमल अंथरून केलेल्या आसनावर विराजमान होते आणि माइक त्यांच्या दाढीत अडकला होता.

"गाड़ी को मशीन मत समझो, माता!" महाराज गरजले. "वह भी साँस लेती है! और टर्बो क्या है? बोलो, टर्बो क्या है? टर्बो प्राणायाम है!"

मंडप टाळ्यांनी दुमदुमला. चांगले शिकलेले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या मोटरवरून तासभर वाद घालणारे लोक टाळ्या वाजवत होते. एवढ्यात एक पांढरी गाडी परिक्रमेहून परत आली. जाताना ती खडखडत गेली होती, आता मांजरीसारखी गुरगुरत होती. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने भर मंडपात लोटांगण घातलं.

दरबाराचे नियम साधे होते. टाकी जवळजवळ रिकामी करून यायचं, कारण 'रिकाम्या भांड्यातच प्रसाद पडतो'. किल्ली आणि दक्षिणेचं पाकीट सेवकांच्या हाती द्यायचं. सेवक गाडी वायुपरिक्रमेला नेतील, तोवर मालकाने डोळे मिटून जप करायचा. गाडी परत येते तेव्हा आवाज गेलेला असतो आणि टाकीही बरीच भरलेली असते. ते इंधन म्हणजे महाराजांचा प्रसाद. शिवाय कापराचा वास येणारी एक बाटली मिळते. पुढे कुठलंही पेट्रोल भरा, वर तिचे अकरा थेंब टाकले की झालं.

मैत्रेयी दिघे मंडपाच्या शेवटच्या ओळीत बसली होती. सांगलीची मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी., आणि लग्न होऊन गाझियाबादला येऊन जेमतेम तीन महिने झालेले. तिच्या पुढे सासू अरुणाबाई, सासरे श्यामकांत आणि नवरा निखिल. श्यामकांतांनी सरकारी नोकरीची छत्तीस वर्षं दिल्लीत काढली होती, त्यातली निम्मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. शेजारपाजारच्या मोठ्या गाड्या बघत बघत ते रिटायर झाले आणि मुलाच्या लग्नाच्याच आठवड्यात त्यांनी एक जुनी, पण परदेशी बनावटीची टर्बो गाडी घेतली. सून आणि गाडी, दोघींना एकाच उंबऱ्यात, एकाच तबकातल्या निरांजनाने ओवाळलं गेलं.

पंधरा दिवसांत गाडी खडखडू लागली. पुलाची चढण आली, चौघं आत बसलेले असले आणि ऊन तापलेलं असलं की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि गाडी मरगळायची. दोघी एकाच आठवड्यात घरात आल्या होत्या. एकीचा आवाज यायला लागला आणि घराची नजर दुसरीकडे, म्हणजे सुनेकडे, वळली.

गेल्या महिन्यात ते पहिल्यांदा दरबारात आले. आवाज गेला. मग प्रसाद संपला, श्यामकांतांनी नेहमीच्या पंपावर साधं पेट्रोल भरून मोठ्या भक्तीने अकरा थेंब टाकले, आणि आवाज परत आला. म्हणून आज दुसरी खेप होती.

महाराजांनी दिघ्यांच्या बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले. मग एक डोळा किलकिला करून विचारलं, "घर में कोई नया पैर पड़ा है?"

अरुणाबाईंनी श्यामकांतांचा दंड धरला. "बघा! कसं कळलं यांना?"

मैत्रेयीच्या मनगटात हिरवा चुडा होता आणि गळ्यात कोरं मंगळसूत्र. ते दिसायला दिव्यदृष्टी लागत नव्हती, साधे डोळे पुरले असते.

"वायु शुद्ध है, गाड़ी शुद्ध है," महाराज म्हणाले. "यह नया पैर गाड़ी पर भारी है. चैत तक बहू मायके रहे, और गाड़ी को छुए नहीं. नहीं तो इंजन फटेगा, माता, और फिर मेरे पास मत आना."

मंडपातल्या दोनतीनशे माना मैत्रेयीकडे वळल्या. तिने निखिलकडे पाहिलं. तो नोएडातल्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरवाला, जगातल्या प्रत्येक वस्तूचे रिव्ह्यू वाचल्याशिवाय पायमोजेसुद्धा न घेणारा. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"बिल्कुल, महाराज," श्यामकांत म्हणाले. "जैसा आप कहें."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हे.

दोन सेवकांनी गाडी परिक्रमेला काढली. सगळ्यांनी डोळे मिटले. मैत्रेयीने मिटले नाहीत. ती उठली, चपला घातल्या आणि दरवाज्यावरच्या ई-रिक्षात बसली.

"वो काली गाड़ी के पीछे चलो, भैया."

"मैडम, वो टर्बो है," रिक्षावाला हसला.

पण गाझियाबादच्या जॅममध्ये टर्बो आणि बॅटरी सारखीच सरकतात. दोन किलोमीटरवर गाडी एका मोठ्या पेट्रोलपंपात शिरली. साध्या पेट्रोलची रांग सोडून सेवकांनी ती अगदी शेवटच्या, रिकाम्या मशीनपाशी लावली. मशीनवर ठळक अक्षरांत शंभरचा आकडा होता. एका सेवकाने नळी टाकीत घातली, दुसरा गुटख्याची पुडी फाडत आकडे फिरताना बघत राहिला. मैत्रेयीने रिक्षातूनच मोबाइलवर सगळं टिपलं. मग ते दोघं गाडी एलिव्हेटेड रोडच्या पुलावर एक चक्कर मारून परत नेणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. नवं पेट्रोल नळ्यांमधून इंजिनापर्यंत पोचायला एवढा फेरा लागतोच.

ती दरबारात परतली तेव्हा गाडी मंडपासमोर गुरगुरत उभी होती आणि जयजयकार चालला होता. मैत्रेयी सरळ माइकपाशी गेली.

"महाराज, आपके सेवक पंप पर सौ नंबर का पेट्रोल भरवा रहे थे. ये देखिए."

पुढच्या ओळीतले मोबाइल बघायला उठले. महाराज मात्र गडबडले नाहीत. असल्या प्रश्नांवर त्यांचं घर उभं होतं.

"बेटी, गंगाजल भी तो आजकल नल से आता है! नल गंगा है क्या?" ते मधाळ हसले. "पंप का पेट्रोल तो सबको मिलता है. उसमें संकल्प किसने डाला? और याद रखो, शंका से पेट्रोल फटता है, जैसे नींबू से दूध!"

टाळ्या. मघापेक्षा मोठ्या. अरुणाबाईंनी सुनेला हाताला धरून बाहेर ओढलं. "अगं, चारचौघांत आमची शोभा केलीस! आता तर मला खात्रीच पटली."

घरी जाताना मैत्रेयीला गाडीत बसू दिलं नाही. ती मेट्रोने गेली. संध्याकाळी श्यामकांतांनी पुढच्या रविवारचं सांगलीकडचं तिकीट काढलं, एकच, परतीचं नाही. इथल्या शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी लागून दोनच आठवडे झाले होते. चैत्र पाच महिन्यांवर होता. तोवर शाळा कुणाची वाट बघणार नव्हती, आणि सांगलीत गल्लीभर होईल ती चर्चा वेगळीच. एकदा पायगुणावरून माहेरी धाडलेली मुलगी कितीही परत आली तरी ती परत आलेलीच राहते.

ती रडली. पण रडून झाल्यावर तिने श्यामकांतांना एवढंच म्हटलं, "बाबा, मी जाईन. पण त्याआधी शनिवारी सकाळी मला एक तास द्या. आठवडाभर मी गाडीला हातसुद्धा लावत नाही. प्रसाद संपला की तुम्ही नेहमीच्या पंपावरचं थोडंसं पेट्रोल भरा, थेंबही टाका. मग बघू."

श्यामकांतांनी आयुष्यभर फायलीवर शेरा मारण्याआधी दोन्ही बाजू वाचल्या होत्या. ते नाही म्हणू शकले नाहीत.

शनिवारी उन्हं तापल्यावर साधं पेट्रोल आणि अकरा थेंब पोटात घेऊन गाडी एलिव्हेटेड रोडला लागली. आत श्यामकांत, अरुणाबाई, निखिल आणि शेजारचे एक भरभक्कम गृहस्थ. मैत्रेयी खाली त्याच मोठ्या पंपापाशी उभी राहिली. वीस मिनिटांनी गाडी परत आली. श्यामकांतांचा चेहरा उतरला होता.

"आवाज आला," ते म्हणाले. "चढणीवर. भरपूर आला."

"आणि माझा पाय?"

मैत्रेयीने खाली पाहिलं; पाय सगळा वेळ इथे पंपावरच होता. गाडीत पेट्रोलचा लाल दिवाही लागला होता. मैत्रेयीने पहिल्यांदाच टाकीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला गणपतीचा सोनेरी स्टिकर होता. गाडी आली त्या दिवशी श्यामकांतांनी पूजा करून असे पाच स्टिकर लावले होते. चार दारांना चार, आणि पाचवा टाकीच्या झाकणाआत, गाडीचं अन्न जिथून जातं तिथे. मैत्रेयी नखाने तो सोडवू लागली.

"अगं, देवाचा स्टिकर काढतेस?" अरुणाबाई ओरडल्या.

"देवाला दुसरी जागा देऊ, आई. इथे काहीतरी लिहिलेलं होतं, ते आपण झाकलंय."

स्टिकर निघाला. खाली कंपनीची चिठ्ठी होती: 'किमान ९८ ऑक्टेन'.

"बाबा, हा आकडा पेट्रोलच्या ताकदीचा नाही, सहनशक्तीचा आहे," मैत्रेयी म्हणाली. आता ती वर्गात शिकवते तसं बोलत होती, सावकाश. "टर्बो म्हणजे पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. दाबलं की तापतं. पेट्रोलने ठिणगी पडेपर्यंत आणि आग रांगेने पसरेपर्यंत धीर धरायचा असतो. साध्या पेट्रोलला या गाडीतला दाब सोसत नाही, ते आधीच कोपऱ्यात आपोआप भडकतं. तो भडका आपटतो, तोच हा आवाज. मग गाडीतला संगणक घाबरून ठिणगी उशिरा टाकतो, म्हणून गाडी मरगळते. जितका आकडा मोठा, तितका जास्त दाब पेट्रोल सोसतं. बस, एवढंच आहे."

"मग तिथल्या छोट्या गाड्या? त्यांनाही फरक पडला म्हणतात," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

"ज्या गाडीला साधं पेट्रोल चालतं, तिला शंभरचं घालून काही मिळत नाही, काका. तिथे फरक पडतो तो मालकाला. आणि बाटलीत कापराचा वास आहे, बाकी काही नाही."

शेवटच्या मशीनवरून टाकी भरली. निखिलने गाडी लांब फिरवून आणली. मग मैत्रेयी चालकाच्या जागेवर बसली. हिरवा चुडा स्टिअरिंगवर, आणि तो भारी पाय ॲक्सिलरेटरवर. तीच चढण, तेच ऊन, तीच माणसं आणि वर एक ती. तिने पाय दाबला. गाडी वर गेली. सगळे कान देऊन ऐकत होते, आणि इंजिन काही बोललं नाही. माथ्यावर पोचल्यावर श्यामकांतांनी रुमालाने चष्मा पुसला.

"मग महाराजांनी तेच तर केलं ना," अरुणाबाई हळूच म्हणाल्या. "चांगलंच पेट्रोल घातलं. त्यात वाईट काय?"

"पेट्रोल चांगलंच घातलं, आई. पण ते पेट्रोल आहे हे लपवलं. नाव सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा त्याच्याकडे गेला नसतात. आणि पुन्हा आवाज आल्यावर त्याला कुणीतरी दोषी लागलं. मी समोर बसले होते."

सासूने मान खाली घातली. श्यामकांत म्हणाले, "मी उद्याचं तिकीट रद्द करतो, बेटा. चूक झाली."

त्यावर सगळं संपायला हवं होतं. पण मैत्रेयीने आरशातून मागे पाहिलं. निखिल खिडकीबाहेर बघत होता, आणि आश्चर्य नावाचं काही त्याच्या तोंडावर नव्हतं.

खाली पंपापाशी आल्यावर बाकीचे उतरले तेव्हा तिने त्याला थांबवलं. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे..." निखिल चाचरला. "नेटवर वाचलं होतं. आवाज सुरू झाला त्याच आठवड्यात. पेट्रोलचं असणार, असं वाटलं होतं, यार. पण आईबाबांची एवढी श्रद्धा, तिथे कोण बोलणार? आणि मला वाटलं, दोनचार महिन्यांत सगळं शांत होईल."

मैत्रेयीला वायुनाथाचा एवढा राग आला नव्हता. तो लबाड होता, लबाडीवर पोट भरत होता. तिला तीनशे माणसांतला तो एक आठवला, ज्याला सगळं ठाऊक होतं आणि जो आपले बूट बघत बसला होता.

"निखिल," ती म्हणाली, "त्याने मला घराबाहेर काढायला सांगितलं, तेव्हा त्याच्याकडे फक्त थापा होत्या. तुझ्याकडे खरं उत्तर होतं. त्याच्या थापेने मी गेले नसते. तुझ्या गप्प बसण्याने गेले असते."

तिने किल्ली त्याच्या हातात दिली आणि गेल्या रविवारसारखीच मेट्रोने घरी निघाली, या वेळी स्वतःहून.

वाचकहो, वायुनाथाचा दरबार अजून भरतो. रविवारी रांग असते. महाराजांच्या जादूला फार अक्कल लागत नाही, त्यांना फक्त न विचारणारी माणसं लागतात, आणि ठाऊक असूनही न बोलणारी. पहिल्यांना शिकवता येतं. दुसऱ्यांनी स्वतःच बोलायला शिकायचं असतं. गाडी बिघडली तर तिची चिठ्ठी वाचा, जाणकाराला विचारा, करून पाहा. आणि उत्तर आपल्याला माहीत असेल, तर कुणाच्या तरी लेकीच्या डोक्यावर खापर फुटायच्या आधी ते मोठ्याने सांगा.