पंपावरची माणसं

आमच्या शीतलच्या सासरी सगळे समजत होते, तिचे बाबा पेट्रोल पंपावर आहेत. घाटकोपरला खाडीच्या बाजूला आमची क्वार्टर. गेटवर 'मलजल उदंचन केंद्र' अशी पाटी आहे, पण एवढं कोण बोलणार? आम्ही आपलं नुसतं 'पंप' म्हणतो. लग्नाच्या बैठकीत माझा नवरा धम्मपाल ऐटीत म्हणाला, मी पंपावर असतो. व्याह्यांनी विचारलं, हायवेवरचा का? आणि आमच्या कन्येने खुशाल मान डोलावली! तिथेच कानाखाली द्यावीशी वाटली मला, पण चार माणसांत काय करणार.

लग्न होऊन ती बोरिवलीला गेली. सासूबाई म्हणायच्या, चल, तुझ्या माहेरी जाऊ. ही सबबी सांगायची. मग त्या सबबी खऱ्या वाटाव्यात म्हणून स्वतःही येईनाशी झाली. दोन वर्षं झाली. बोरिवली काय अमेरिकेत आहे? फोन करायची रोज, नाही असं नाही. पण फोनवरून पोरीच्या डोक्याला तेल लावता येतं का?

आणि लाज कसली गं, मेले? संडासात पाणी ओतलं की काम झालं, असं वाटतं लोकांना. ते पाणी उताराने वाहत येतं आणि उतार संपतो तिथे आमचा पंप. सगळं एका खोल विहिरीत जमतं. तिथून उचलून पुढे शुद्धीकरणाला ढकललं नाही, तर खालच्या वस्तीत मोऱ्यांमधून वर येईल. धम्मपालने जन्मभर तेच केलं.

पंपाची घरघर आमच्या भिंतीतून यायची. शीतल लहानपणी फरशीला तळहात लावून सांगायची, चालू आहे. घरघर थांबली की बाप भरल्या ताटावरून उठून पळायचा आणि ही मागे रडत बसायची.

यंदा नवे पंप आले. पाण्यात बुडून चालतात, आवाज म्हणून नाही. जुने बंद केले त्या सकाळी घर अगदी खायला उठलं. पोरगी गेली होतीच, आता घरघरही गेली. मी मेथी निवडत बसले होते, पण निवडलेली कुठली आणि टाकायची कुठली, तेच कळेना.

तेवढ्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मध्येच थांबली.

"आई, पंपाचा आवाज का येत नाही?"

मी मेथीची जुडी खाली ठेवली.

"बंद पडलाय ना? बाबा कुठे आहेत? अगं, मैला वर चढेल, वस्तीत शिरेल!"

मागून सासूबाईंनी विचारलं, पेट्रोल पंपावर मैला कसला? मला वाटलं, आता पुन्हा थाप मारणार.

"पेट्रोल नाही हो मम्मी," ती म्हणाली. "गटाराचा पंप आहे. माझे बाबा गटाराचं पाणी उपसतात."

नव्या पंपांचं सांगायला हवं होतं, तोंडावर आलंही होतं.

"हो, बंद पडलाय," मी म्हणाले. "ये तू."

दुपारी रिक्षा दाराशी थांबली. शीतल चपलेसकट आत शिरली, मागोमाग सासूबाई, पदर सावरत. धम्मपाल निवांत चहा पीत होता. त्याला बघून ती जागीच थबकली. मग खाली बसली आणि फरशीला तळहात लावला. थरथर बारीक होती, पण होती.

"चालू आहे की, आई. खोटं का बोललीस?"

सासूबाईही गुडघे धरत खाली टेकल्या आणि त्यांनी आपला हात फरशीला लावून पाहिला.

मी फळीवरून तेलाची बाटली काढली, शीतलच्या मागे बसले आणि तिची वेणी सोडली.

"हलू नकोस," मी म्हणाले.